हात हँडलवर, लक्ष कुठे?

वाहन चालवण्याच्या परवान्याची मुदत संपत आली, की वयाची चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याला 'नमुना १-अ' म्हणतात. वयाच्या ५५ वर्षांनंतर परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळत असल्यामुळे, हा कागद घेऊन माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांत निवृत्त मंडळीच अधिक असतात. साताऱ्यासारख्या चढउताराच्या गावात स्कूटरवाचून भाजीसुद्धा आणता येत नाही, असे ती सांगतात आणि ते खोटे नाही.

त्या नमुन्यातील प्रश्न नेमके आहेत. अर्जदाराला भरदिवसा २५ मीटरवरून गाडीच्या क्रमांकाची पाटी वाचता येते का? तांबडा आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येतात का? रातांधळेपणा आहे का? रस्त्यावरचे नेहमीचे इशारे ऐकू येतात का? हातापायांचे सांधे कसे आहेत? हे सारे तपासून डॉक्टरने सही करायची असते आणि मी ती तपासूनच करते.

मात्र त्या नमुन्यात एक प्रश्न नाही आणि तो कोणत्याच छापील कागदात मावणारा नाही. वाहन चालवताना आपले लक्ष कुठे असते? डोळे उत्तम, कान उत्तम, गुडघे ठीक, आणि तरीही माणूस उभ्या रिक्षावर जाऊन आदळतो, असे का होते? आपण स्वतः ज्येष्ठ असाल, किंवा घरातील ज्येष्ठांची काळजी घेत असाल, तर ह्या प्रश्नाचा विचार आपण करायला हवा. कारण त्याचे उत्तर केवळ चालकाच्या हाती नसते. पुष्कळदा ते घरी बसलेल्या माणसाच्या हाती असते.

डोळे उघडे असूनही

डोळे उघडे असले म्हणजे दिसते, असा आपला समज असतो. तो अपुरा आहे. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकमेकांकडे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूंची छोटी चित्रफीत दाखवून त्यांनी प्रेक्षकांना चेंडू किती वेळा टाकला गेला ते मोजायला सांगितले. खेळ चालू असताना गोरिलाचा वेश केलेली एक व्यक्ती खेळाडूंच्या मधोमध आली, छाती बडवली आणि निघून गेली. जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. त्यांचे डोळे अधू नव्हते, मन मोजण्यात गुंतले होते.

गॅसवर दूध ठेवून फोनवर बोलणाऱ्या प्रत्येकाला हे शास्त्र अनुभवाने ठाऊक आहे. डोळ्यांदेखत दूध वर चढते आणि ओट्यावर सांडल्यावरच आपल्याला दिसते. रस्त्यावर मात्र ओटा पुसून भागत नाही.

मेंदू दोन अवधानाची कामे खऱ्या अर्थाने एकाच वेळी करत नाही. तो एकावरून दुसऱ्यावर आणि पुन्हा पहिल्यावर असा झपाट्याने ये-जा करतो. तरुणपणी ही ये-जा चटकन होते, साठीनंतर तिला किंचित अधिक वेळ लागतो. हा आजार नव्हे; केस पांढरे होण्याइतकीच ती स्वाभाविक गोष्ट आहे. त्यातच वयोमानाने डोळ्यांतील बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडते. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. समोरच्या दिव्याने दिपलेली नजर पूर्ववत व्हायला वेळ लागतो. आणि लक्ष विभागले गेले, की नजरेच्या कडेने जे दिसते तेही मनाला जाणवेनासे होते. बाजूच्या बोळातून चेंडूमागे धावत आलेले मूल नेमके तिथेच असते.

ज्येष्ठ चालक ह्या उणिवा अनुभवाने भरून काढतात. ते वेग कमी ठेवतात, पुढच्या वाहनापासून अंतर राखतात, घाई करत नाहीत. म्हणूनच केवळ जन्मतारीख पाहून मी कुणालाही घरी बसायला सांगत नाही. पण ही सारी भरपाई पूर्ण लक्षाच्या आधारावर उभी असते. लक्ष ढळले, की तीही कोसळते.

आता थोडा हिशेब करू. ताशी ४० किलोमीटर हा वेग कुणालाही बेताचाच वाटेल. त्या वेगात वाहन दर सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. खिशातला फोन वाजला आणि कुणाचा आहे हे पाहण्यासाठी दोन सेकंद नजर खाली गेली, तर २२ मीटर अंतर न पाहता कापले गेले. दोन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या, तर जवळपास एवढेच अंतर होते. ताशी ६० च्या वेगात हेच अंतर ३३ मीटर होते. एवढे अंतर डोळे मिटून चालून दाखवा, असे कुणी म्हटले तर आपण अंगणातसुद्धा तयार होणार नाही.

फोन कुणाचा असतो?

ह्या विषयावर बोलताना आपल्या डोळ्यांसमोर कानाला फोन लावून मोटारसायकल दामटणारा तरुण येतो. माझ्या दवाखान्यातील अनुभव थोडा वेगळा आहे.

माझ्याकडे अनेक वर्षे येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत, वय ७१. हृदयात स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू. नियमित फिरणे, बेताचे जेवण, स्कूटरही बेतानेच. एके दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास ते ग्रंथालयातून परतत असताना शर्टाच्या खिशातला फोन वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी डावा हात हँडलवरून काढून खिशाकडे नेला. स्कूटरवर डावा हात सुटला, की त्या हाताचा ब्रेकही सुटतो. पुढच्या चाकाला खड्डा लागला आणि ते रस्त्यावर पडले. मनगटाचे हाड मोडले, भुवईवर खोक पडली. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असल्यामुळे खरी धास्ती डोक्याच्या आत रक्तस्राव होण्याची होती. सीटी स्कॅन स्वच्छ आला तेव्हा हायसे वाटले.

संध्याकाळी पुण्याहून त्यांची मुलगी आली. ती माझ्यासमोर बसून म्हणाली, "मॅडम, मी रोज साडेअकराला फोन करते. बीपीची गोळी घेतली का, एवढंच विचारायला. त्या दिवशी उचलत नव्हते, म्हणून तीनदा केला."

शेजारी बसलेले वडील म्हणाले, "फोन उचलला नाही की ती घाबरते. तिकडे ऑफिसात तिचं लक्ष लागत नाही. म्हणून मी कुठंही असलो तरी तिचा फोन उचलतो."

दोघेही एकमेकांची काळजीच करत होते. दोष देण्यासारखे कुणीच नव्हते. पण दोघांपैकी एकानेही 'फोन कोणत्या वेळी करायचा नाही' हे कधी दुसऱ्याशी बोलून ठरवले नव्हते.

ते त्यांनी त्याच दिवशी ठरवले. आता मुलगी सकाळी आठला, चहाच्या वेळी फोन करते. गोळीही त्याच वेळी घेतली जाते. वडील स्कूटरची किल्ली हातात घेताना 'निघालो' आणि ठिकाणी पोहोचल्यावर 'पोहोचलो' एवढाच निरोप पाठवतात. मधल्या काळात फोन आवाज बंद करून डिकीत असतो. आपल्या घरी ही पद्धत आजपासून लावायला एक पैसाही लागत नाही.

वाचकांपैकी जे दूरगावी राहून आईवडिलांची काळजी घेतात, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. फोन लागताच तब्येतीची चौकशी करण्याआधी "गाडीवर आहात का?" हे विचारा. उत्तर "हो" असेल, तर "थोडक्यात सांगते" असेही न म्हणता फोन ठेवा. उत्तर मिळाले नाही, तर लागोपाठ फोन करू नका. सतत वाजणारा फोन ऐकणाऱ्याला एकच गोष्ट सांगतो, की काहीतरी विपरीत घडले आहे, आणि मग तो चालत्या गाडीवर खिसा चाचपू लागतो. अर्धा तास थांबा किंवा शेजाऱ्यांना विचारा. आजारपणाची वा मृत्यूची बातमी तर वाहन चालवणाऱ्याला कधीही देऊ नका. "असाल तसे घरी या" हे वाक्यही टाळा. त्या वाक्यानंतर माणूस जी गाडी चालवतो, ती केवळ हातांनी चालवतो. त्यांना आणायला कुणालातरी पाठवा.

येथे एक वैद्यकीय सूचना देऊन ठेवते. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणारी व्यक्ती डोक्यावर पडली, तर जखम किरकोळ दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वृद्धांत मेंदूच्या आवरणाखाली रक्त कधीकधी अगदी हळूहळू साचते आणि लक्षणे दोन-तीन आठवड्यांनी दिसतात. वाढती डोकेदुखी, गुंगी, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, वागण्यातला फरक ह्यांपैकी काहीही दिसल्यास "वयामुळे असेल" म्हणून घरी थांबू नये.

कानातले यंत्र संरक्षण देत नाही

"मी फोन हातात धरत नाही, कानात लावून बोलतो," असे बरेच जण अभिमानाने सांगतात. १९९७ साली टोरांटोतील डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी ह्यांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट असल्याचे त्यांना आढळले; आणि हात मोकळे ठेवून बोलणाऱ्यांना त्यातून काही विशेष सूट मिळाल्याचे दिसले नाही. ह्याचे कारण आता आपल्या लक्षात येईल. हात मोकळे झाले तरी मन मोकळे होत नाही.

मग शेजारी बसलेल्याशी बोलणे चालते का? थोडेफार चालते, कारण शेजाऱ्याला रस्ता दिसत असतो. समोरून ट्रक आला, की तो आपोआप वाक्य अर्धे सोडतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही, तो त्याच क्षणी विचारतो, "ऐकताय ना?"

कायद्यापुरते सांगायचे, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहन चालवताना हातात फोन घेऊन वापरणे हा 'धोकादायक रीतीने वाहन चालवणे' ह्या गुन्ह्याचा भाग आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. २०२० पासून रस्ता पाहण्यापुरती फोनला मुभा आहे, पण तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही ह्या अटीवर. दंड भरता येतो. एकट्या २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली, ती मात्र परत येत नाहीत.

शरीरातून येणारे व्यत्यय

फोन बंद केला म्हणजे लक्ष जागेवर आले, असेही नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत कितीतरी व्यत्यय शरीराच्या आतून येतात आणि त्यांचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही.

पहिला औषधांचा. सर्दीची 'साधी' गोळी म्हणून दुकानातून आणलेले क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन गुंगी आणते. झोपेसाठी वा चिंतेसाठी दिलेले अल्प्राझोलाम, मधुमेहात पायांची आग होते म्हणून दिलेले प्रेगाबालिन किंवा गॅबापेन्टिन, दुखण्यासाठीचे ट्रामाडोल, खोकल्याची काही पातळ औषधे ह्यांनीही मंदपणा येतो. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल वृद्धांत सकाळपर्यंत रेंगाळू शकतो. झोप येत नाही, पण लक्ष बोथट होते, आणि ते बोथट झाल्याचे स्वतःला कळत नाही. औषध आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, "हे घेऊन गाडी चालवली तर चालेल का?" नवे औषध सुरू झाल्यावर, किंवा मात्रा वाढवल्यावर, पहिले काही दिवस वाहन चालवू नका.

दुसरा साखरेचा. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर खाली जाते, तेव्हा घाम आणि थरथर येण्यापूर्वीच कधीकधी विचार मंदावतो. बीटा ब्लॉकर वर्गातील हृदयाची औषधे घेणाऱ्यांना तर ती थरथर जाणवतही नाही. निघण्यापूर्वी साखर तपासता येत असेल तर तपासा. ती ९० च्या खाली असेल तर आधी काही खा, ७० च्या खाली असेल तर गाडी काढूच नका. वाटेत अस्वस्थ वाटले तर कडेला थांबून साखर किंवा ग्लुकोज घ्या, आणि साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास गाडी हाती घेऊ नका. मेंदूला सावरायला तेवढा अवधी लागतो.

तिसरा व्यत्यय कुणी मोकळेपणाने बोलत नाही असा. रक्तदाबासाठी वा सुजेसाठी सकाळी लघवी वाढवणारी गोळी घेतली, की पुढचे काही तास पुन्हा पुन्हा जावे लागते. घाई लागलेला माणूस रस्ता पाहत नाही, आडोसा पाहतो. बाहेरच्या कामाच्या दिवशी त्या गोळीची वेळ कशी बदलावी, हे डॉक्टरांना जरूर विचारा. ह्यात लाजण्यासारखे काही नाही.

चौथा चष्म्याचा आणि मोतीबिंदूचा. वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर असलेल्या नव्या चष्म्याची सवय होईपर्यंत मान सतत वरखाली होत राहते. त्या दिवसांत स्कूटर चालवू नका. संध्याकाळी समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसू लागली असतील, तर नेत्रतज्ज्ञांकडे जा.

पाचवा व्यत्यय मनाचा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेकडे निघालेला माणूस पासबुक घेतले का, आधार कार्ड घेतले का, हेच वाटभर आठवत असतो. घरून वाद घालून निघालेला माणूस तो वाद मनातल्या मनात पुढे चालवत असतो. कागद निघण्याआधी मोजा. मन पेटलेले असेल तर दहा मिनिटे ओसरीवर बसा, पाणी प्या, मग निघा. बँक तिथेच असते.

शुश्रूषा करणारा जेव्हा चालक होतो

आता काळजी घेणाऱ्यांविषयी. साताऱ्याहून पुण्याला तपासणीसाठी किंवा उपचारासाठी आईला घेऊन जाणारी पन्नाशीची मुले मी नेहमी पाहते. आई मागच्या आसनावर आडवी झालेली. खंबाटकीचा बोगदा ओलांडला, की पुढे वळण येते. अपघातांसाठी ते कुप्रसिद्ध आहे. नेमकी त्याच वेळी मागून कण्हल्याचा आवाज येतो. मुलगा आरशात पाहतो, आरशात दिसत नाही म्हणून मान वळवतो. त्याच्याइतका दक्ष मुलगा नाही, पण त्या क्षणी त्याची सारी दक्षता मागे असते.

म्हणून रुग्णाला घेऊन निघताना गाडीत तिसरी व्यक्ती असलीच पाहिजे. रुग्णाकडे पाहण्याचे काम तिचे. चालकाचे काम समोर पाहण्याचे. ओकारीची पिशवी, पाण्याची बाटली, औषधे, कागदपत्रे हे सारे तिच्या हाताशी ठेवा. मागेही रुग्णाला बसवून पट्टा बांधा. मागच्या आसनावर तो बांधणे कायद्यानेही बंधनकारक आहे. तिसरी व्यक्ती नसेलच, तर रुग्णाशी आधी बोलून ठेवा: "काही वाटलं तर सांग, मी गाडी कडेला घेईन आणि मग तुझ्याकडे बघीन." हे वाक्य निघण्यापूर्वी उच्चारले, तर चालत्या गाडीत मान वळत नाही. आणि रुग्णाची अवस्था गंभीर असेल, तर स्वतः चालवण्याचे साहस न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

दुसरी गोष्ट झोपेची. रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढलेला माणूस सकाळी गाडी काढतो. ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड ह्या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले, की सलग १७ तास जागा असलेला माणूस साधारण तितकाच मंदावतो, जितका रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेला. आपल्या कायद्याने चालकासाठी मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे थेंबही न घेतलेला, आईच्या उशाशी जागलेला सज्जन माणूस मद्यपी चालकाइतकाच धोकादायक ठरतो. घरात नियम करा: रात्री जो जागला, तो सकाळी चालवणार नाही. डुलकी येऊ लागली तर खिडकी उघडणे, गाणी लावणे हे उपाय फसवे आहेत. गाडी सुरक्षित जागी थांबवून १५-२० मिनिटे झोपणे हा खरा उपाय.

किल्ली फिरवण्यापूर्वी

माझ्या रुग्णांना मी एक छोटी यादी देते. ती आपणही किल्ल्या अडकवायच्या खुंटीजवळ चिकटवू शकता.

१. फोन आवाज बंद करून डिकीत किंवा मागच्या आसनावर. फोनमध्ये 'ड्रायव्हिंग मोड' असेल तर नातवंडांकडून तो सुरू करून घ्यावा.
२. पत्ता, रस्ता, कागदपत्रे निघण्याआधी पाहावीत, वाटेत नव्हे.
३. आरसे, आसन, चष्मा, हेल्मेटची काच आणि पट्टा आधीच नीट करून घ्यावा. श्रवणयंत्र वापरत असाल तर ते लावावे.
४. पोट रिकामे नको. लघवीला जाऊन यावे.
५. स्कूटरच्या हँडलला पिशव्या अडकवू नयेत. पिशवी हलली की नजर तिच्याकडे जाते आणि वळणावर हँडल अडते.
६. मनात राग किंवा डोळ्यांत झोप असेल तर निघू नये.

शेजारी बसणाऱ्यांसाठीही दोन शब्द. वळण दाखवणे, फोन घेणे, पाणी काढून देणे ही कामे आपली. "अहो, ते बघा केवढं मोठं दुकान झालं!" हे वाक्य सिग्नलला थांबल्यावर म्हणावे. आणि चालकाच्या चुका वाटेत मोजू नयेत. घरी आल्यावर शांतपणे बोलावे.

थांबायचे कधी?

हा सर्वांत नाजूक प्रश्न. स्कूटरची किल्ली ही ज्येष्ठांसाठी केवळ किल्ली नसते. कुणावर अवलंबून न राहता औषध आणण्याचे, मित्राकडे जाण्याचे, देवळात जाण्याचे ते स्वातंत्र्य असते. ती किल्ली लपवून ठेवणारी मुले मी पाहिली आहेत. लपवल्याने अपघात टळतो, पण विश्वास तुटतो आणि बाप दुसरी किल्ली करून घेतो.

त्याऐवजी एक दिवस त्यांच्या मागे किंवा शेजारी बसून नेहमीच्या रस्त्याने जाऊन या. न बोलता पाहा. गाडीवर नवे ओरखडे आहेत का? मागच्या गाड्यांचे हॉर्न वारंवार वाजतात का? सिग्नल उशिरा लक्षात येतो का? ब्रेक आणि अॅक्सिलरेटर ह्यांत गोंधळ होतो का? ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकते का? शेवटच्या दोहोंपैकी काहीही आढळले, तर वाहन थांबवून प्रथम डॉक्टरांकडे या. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, औषधांचा अंमल ही लक्ष ढळण्याची कारणे उपचारांनी सुधारतात. स्मृतिभ्रंशाची वा कंपवाताची सुरुवात असेल, तर तीही लवकर कळलेली बरी.

बाकीच्यांच्या बाबतीत एकदम थांबण्याऐवजी टप्प्याटप्प्याने आवरते घेता येते. आधी रात्रीचे चालवणे सोडावे, मग पावसातले, मग महामार्गावरचे, मग संध्याकाळच्या बाजाराच्या वेळचे. ज्या फेऱ्या कमी झाल्या, त्यांची सोय घराने करायची: ओळखीचा रिक्षावाला, औषधे घरपोच देणारा दुकानदार, रविवारी देवळात नेणारा नातू. ही सोय आधी उभी करा आणि मग किल्लीविषयी बोला. "चाळीस वर्षांत एक ओरखडा नाही" असे उत्तर येईल. ते खरे मानून, त्यांचा मान राखून म्हणा, "म्हणूनच ती चाळीस वर्षं अशीच बिनओरखड्याची राहू देत."

वाचकहो, आज रात्री जेवणाच्या वेळी एवढेच करा. घरात कोण केव्हा गाडीवर असते, हे एकमेकांना विचारून घ्या आणि त्या वेळा फोनसाठी बंद ठेवा. दूरगावच्या मुलामुलींनाही त्या कळवा. औषधांची पाकिटे एका पिशवीत घालून पुढच्या खेपेला आपल्या डॉक्टरांसमोर ठेवा. आणि आपले माणूस गाडी घेऊन बाहेर गेले असेल, तर त्याचा फोन येईपर्यंत वाट पाहा. ती थोडी वाट पाहणे हीही त्याची शुश्रूषाच आहे.